तीन पाडवे आणि रिकामा धक्का

अलिबागजवळच्या मांडव्याच्या जेट्टीने २०२० च्या मार्चमध्ये दोन दिवसांत दोन टोकं पाहिली. १४ तारखेच्या सकाळी मुंबईच्या गेट वेहून निघालेली एक प्रवासी बोट, मांडवा अगदी समोर दिसत असताना, पाणी घेऊ लागली. बोटीत ८८ माणसं होती. सागरी पोलिसांची गस्ती नौका वेळेत पोचली आणि सगळे वाचले. दुसऱ्याच दिवशी, १५ मार्चला, भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो सुरू झाली. ग्रीसमध्ये बांधलेली, पाचशे माणसं आणि पोटात शंभराहून जास्त गाड्या घेणारी ही बोट. रायगडकर तिची वर्षानुवर्षं वाट बघत होते. ती आली तेव्हा मात्र सोहळा नव्हता, कारण उद्घाटनाचा समारंभ करोनामुळे रद्द झाला होता.

पुढच्या दहा दिवसांत सगळंच थांबलं. २२ मार्चला जनता कर्फ्यू लागला, २३ ला राज्यभर संचारबंदी, आणि २५ मार्चला, पाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. पाचशे माणसांची नवी कोरी बोट धक्क्याला बांधलेली राहिली.

पाडव्याचा हा योग इथे मुद्दाम सांगितला. कोकण किनाऱ्यावरचा पाण्यातला उन्हाळा पाडव्याला सुरू होतो आणि महामारीने नेमका तोच मुहूर्त धरला, एकदा नव्हे दोनदा.

उन्हाळ्याचा मोसम कसा चाललाय हे बघायला समुद्रावर जायची गरज नाही, पेणच्या रामवाडीत उभं राहिलं तरी पुरतं. मुंबई-गोवा महामार्ग इथून जातो. पुढे वडखळला फाटा फुटतो. उजवीकडे वळलेली गाडी अलिबाग, रेवदंडा, मुरुडची. सरळ गेलेली नागोठणे-कोलाडची. मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी गाड्यांच्या टपावर रबरी ट्यूब आणि मागच्या काचेला चिकटलेली पोरं दिसली की ओळखावं, ही माणसं पाण्याकडे निघालीत. रविवारी संध्याकाळी तीच माणसं उन्हाने काळवंडून, वाळू झटकत, वडखळच्या कोंडीला शिव्या देत परत जाताना दिसतात. ज्याला ही कोंडी नको असते तो गेट वेला जाऊन कॅटमरान धरतो. रस्त्याने मुंबई ते अलिबाग शंभर किलोमीटरच्या आसपास. पाण्यावरून मांडवा तासाभरात येतं आणि तिकिटातच पुढे अलिबागपर्यंतची बस मिळते.

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत रामवाडीवरून ना ट्यूब गेल्या ना पोरं. जिल्ह्याच्या सीमेवर पोलीस होते, गाडीला ई-पास लागत होता आणि एस.टी.च्या गाड्या आगारात उभ्या होत्या.

हौशी जलपर्यटन म्हटलं की डोळ्यांसमोर पांढरी यॉट, काळा चष्मा आणि थंडगार पेला येतो. मुंबई बंदरात तशा यॉट आहेत, गेट वेसमोर बोयांना बांधून ठेवलेल्या असतात आणि शनिवार-रविवारी मांडव्याच्या बाजूला येऊन नांगर टाकतात. पण रायगड जिल्ह्यातल्या बहुतेकांच्या लेखी पाण्यातली मौज फार साधी असते. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जायचं. कोलाडला कुंडलिकेत राफ्ट घालायची. घारापुरीला लाँचने जाऊन लेणी बघायची. नागावला केळ्याच्या आकाराच्या फुग्यावर बसून मुद्दाम पाण्यात पडायचं. या मौजेवर पोट असणारी माणसं म्हणजे तांडेल, खलाशी, राफ्टवरचे गाईड, लिंबूसरबतवाल्या आणि घरगुती खानावळी चालवणाऱ्या बायका.

त्यांचं वर्ष बारा महिन्यांचं नसतं. गेट वे ते मांडवा बोटी मेच्या शेवटच्या आठवड्यात, साधारण २६ तारखेला, बंद होतात आणि थेट सप्टेंबरात सुटतात. जंजिऱ्याच्या होड्याही पावसाळ्यात किनाऱ्यावर शाकारून ठेवतात. त्यामागे भीती आहे आणि ती खरी आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट भर पावसात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यात बहुतेक याच पट्ट्यातल्या गावांची. रेवस-अलिबागकडच्या जुन्या घरांत अजून त्या दिवसाचं नाव हलक्या आवाजात घेतात. त्यामुळे पावसाळ्यात समुद्र बंद, याबद्दल इथे कोणी वाद घालत नाही.

वाद नसला तरी हिशेब आहे. उरलेल्या नऊ महिन्यांत दिवाळीचे काही दिवस, नाताळचा आठवडा, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि मग शाळांच्या परीक्षा संपल्यापासून २५ मेपर्यंतचे दिवस, एवढीच खरी कमाई. बाकीच्या दिवसांत बोट चालते, पण डिझेलपुरती. पाडवा ते मेअखेर हा जेमतेम दोन महिन्यांचा तुकडा गेला की वर्ष गेलं. शेतकऱ्याचा एक हंगाम हुकला तर दुसरा येतो. होडीवाल्याचा उन्हाळा हुकला की त्याच्यापुढे थेट पावसाळा उभा असतो.

जंजिऱ्याचं दार तर टाळेबंदीच्याही आधी बंद झालं होतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने आपल्या ताब्यातली सगळी स्मारकं १७ मार्चपासून बंद केली आणि त्यात जंजिरा, अलिबागचा कुलाबा किल्ला, घारापुरीची लेणी ही सगळीच आली. राजपुरीच्या होड्या शिडावर चालतात. तेव्हा किल्ल्याच्या दरवाजाशी धक्का नव्हता, होडी लाटेवर वरखाली होत असे आणि नावाडी हात धरून एकेकाला पायरीवर उडी मारायला लावत असे. अनोळखी माणसांचे हात दिवसभर धरायचे, हाच ज्याचा धंदा, त्याला महामारीत कोण परवानगी देणार?

लाकडी होडी उभी राहिली की खराब होते, हे शहरात फारसं कोणाला ठाऊक नसतं. पाण्यात नुसती बांधून ठेवली तर तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात. किनाऱ्यावर उन्हात ठेवली तर फळ्या सुकतात, सांधे उघडतात, आणि पाण्यात घालायच्या आधी पुन्हा कापूस आणि तेल भरावं लागतं. बोट बंद असली तरी खर्च बंद होत नाही. मासेमारीला केंद्र सरकारने १० एप्रिललाच टाळेबंदीतून सूट दिली, कारण मासळी हे अन्न. पर्यटकांची होडी मात्र चैनीच्या खात्यात गेली. मांडव्याच्या बोटीतून भाजीवाल्या, कॉलेजातली पोरं आणि मुंबईत नोकरी करणारी माणसंही जातात, म्हणजे रायगडला बोट ही बसच आहे. सरकारी कागदावर ती सहलीची वस्तू ठरली, ही गोष्ट साथीच्या दोन वर्षांत इथल्या लोकांना फार लागली.

त्यातच ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलेल्या त्या वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मुरुड-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या, घरांचे पत्रे उडाले, वीज कित्येक दिवस नव्हती. दोन महिने घरी बसलेला माणूस ज्या वाडीकडे बघून धीर धरत होता ती वाडीही आडवी झाली. पुढच्या वर्षी १७ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याला घासून गेलं.

समुद्राची ही कथा. नदीची थोडी वेगळी आहे, आणि ती रोहा तालुक्यात घडते.

कोलाडजवळची कुंडलिका बारमाही खळाळते, ती पावसामुळे नव्हे. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजघरात पडतं. टाटांचं हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. ज्या धरणावर ते चालतं, त्याच्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला होता. भिऱ्यात टर्बाइन फिरवून बाहेर पडलेलं पाणी पुढे रवाळजेला अडवतात, तिथे पुन्हा वीज करतात आणि मग नदीत सोडतात. ते पाणी सकाळी येतं. नदीचं पात्र भरतं, दगडांवर पांढरा फेस उठतो, आणि बारा-तेरा किलोमीटरच्या पट्ट्यात राफ्ट सुटतात. थोड्या वेळाने पाणी उतरलं की पुन्हा खडक उघडे. म्हणजे कोलाडच्या राफ्टिंगचं वेळापत्रक भरती-ओहोटीवर नाही, विजेवर चालतं. एखाद्याने मुंबईत गीझर लावला म्हणून कोलाडला कोणाची तरी राफ्ट उसळते, असं म्हटलं तर ती थोडी अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

वीज ही अत्यावश्यक सेवा, ती टाळेबंदीत थांबली नाही. त्यामुळे पाण्याचं येणं-जाणं चालू आणि राफ्टा मात्र गोदामात घड्या घालून ठेवलेल्या, असं चित्र होतं. (५ एप्रिलच्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवले गेले, तेव्हा देशाची मागणी ३१ हजार मेगावॉटहून अधिक खाली आली. ती पडझड सावरली मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी, कारण पाण्याचं टर्बाइन क्षणात कमी-जास्त करता येतं. विजेच्या जाळ्याला वाचवणारं पाणी आणि राफ्टवाल्यांचं पाणी, जात एकच.) कोलाडचं वैशिष्ट्य असं, की समुद्र बंद होतो तेव्हा नदीला गर्दी होते. पावसाळा हा इथला भरात आलेला हंगाम. २०२० च्या पावसाळ्यात तोही गेला. राफ्टमध्ये सहा-आठ जण गुडघ्याला गुडघा लावून बसतात, एकाने घातलेलं जॅकेट दुसरा घालतो, गाईड ओरडून सूचना देतो आणि सगळे मिळून किंचाळतात. साथीच्या काळात जे जे करू नका म्हणून सांगितलं, ते सगळं एका राफ्टमध्ये एका वेळी होतं.

जहाज आणि साथ यांचं नातं जुनं आहे. व्हेनिसमध्ये संशयित जहाजाला चाळीस दिवस बंदराबाहेर नांगरून ठेवत. इटालियनमधल्या त्या ‘चाळीस’वरूनच क्वारंटाइन हा शब्द आला. त्याआधी १३७७ मध्ये रागुसा, म्हणजे आजचं दुब्रोव्हनिक, या बंदराने तीस दिवसांचा नियम केला होता. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तो मांडवीत, बंदराला लागून असलेल्या वस्तीत. पुढच्या काही महिन्यांत साडेआठ लाखांच्या शहरातली जवळपास निम्मी माणसं पळाली, आणि कोकणातल्या माणसाने गाव गाठायला आगबोट धरली. त्या प्लेगमुळे १८९७ चा साथरोग कायदा झाला. बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजाची तपासणी करण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला मिळतो. १३ मार्च २०२० ला महाराष्ट्राने हाच सव्वाशे वर्षांचा कायदा बाहेर काढला.

या वेळी पहिली धडकी भरवली तीही जहाजानेच. जपानच्या योकोहामात फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ या पर्यटन जहाजावर ३,७११ माणसं अडकली आणि त्यातल्या ७१२ जणांना लागण झाली. जहाजावर भारतीय खलाशी शंभराहून अधिक होते. पर्यटन जहाजांवर स्वयंपाकी, वेटर, सफाई कामगार म्हणून गोव्याची आणि कोकणची पोरं फार. जहाजं थांबली तेव्हा ती समुद्रातच अडकली. ‘मरेला डिस्कव्हरी’ या जहाजावरच्या शंभराहून अधिक भारतीय कामगारांना मुंबई बंदरात उतरायची परवानगी मिळाली ती २३ एप्रिलला. किनारा डोळ्यांना दिसतोय आणि उतरता येत नाही, ही अवस्था कोकणातल्या किती घरांनी फोनवरून ऐकली असेल.

मुंबई-गोवा जलपर्यटनाचं स्वप्न तर नुकतंच रांगायला लागलं होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये कान्होजी आंग्र्यांची आठवण सांगणाऱ्या नावाची ‘आंग्रिया’ सुरू झाली. एप्रिल २०१९ मध्ये जलेश कंपनीची ‘कर्णिका’ मुंबईत आली. जन्म १९९० चा, ‘क्राउन प्रिन्सेस’, ‘पॅसिफिक ज्वेल’ अशी नावं पूर्वी मिरवलेलं हे जहाज. टाळेबंदीत फेऱ्या बंद पडल्या, कंपनीने ऑक्टोबर २०२० मध्ये गाशा गुंडाळला आणि नोव्हेंबरात कर्णिका अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाली. एक वर्ष दिमाखात, पुढच्याच वर्षी भंगारात. २०२१ च्या सप्टेंबरात ‘कॉर्डेलिया’ मुंबईहून सुटू लागली. जानेवारी २०२२ मध्ये गोव्याला पोचलेल्या याच जहाजावरच्या दोन हजारांवर माणसांपैकी ६६ जण बाधित निघाले आणि ते मुंबईला परत आलं.

याच काळात जगाच्या दुसऱ्या बाजूला मात्र उलटंच चाललं होतं. अमेरिकेत २०२० मध्ये तीन लाखांहून अधिक नव्या मोटरबोटी खपल्या, २००८ च्या मंदीनंतर कधी खपल्या नव्हत्या इतक्या. कारण सोपं आहे. विमान नको, हॉटेल नको, अनोळखी माणूस नको, तर स्वतःची बोट घ्या आणि घरच्यांना घेऊन तळ्यात जा. घराबाहेरचं सुरक्षित घर! न्यूझीलंडने मात्र टाळेबंदीच्या कडक टप्प्यात हौशी होड्यांनाही मनाई केली, कारण बिघडलेल्या बोटीला सोडवायला जाणाऱ्या पथकाचा जीव धोक्यात घालायचा नव्हता. जग फिरायला निघालेल्या शिडाच्या नौकांना त्या देशाची बंदरं सर्रास खुली झाली ती थेट ३१ जुलै २०२२ ला. दोन अडीच वर्षं अशा कित्येक नौका पॅसिफिकमध्ये जिथे होत्या तिथेच राहिल्या.

अमेरिकेतला तो स्वतःच्या बोटीचा नियम आपल्याकडेही लागू पडला, फक्त वरच्या थरात. ज्याच्याकडे स्वतःची यॉट होती त्याला गर्दीची भीती नव्हती. बंधनं सैल झाली तेव्हा तो सगळ्यात आधी समुद्रात गेला. ज्याची होडी तिकिटावर चालते त्याचं गणित वेगळं. बोटीत तीस माणसं असोत की साठ, डिझेल तेवढंच जळतं, तांडेलाचा पगार तेवढाच. त्यामुळे निम्म्या क्षमतेने चालवा हा आदेश कागदावर सवलत वाटला तरी धक्क्यावर तो तोटाच होता.

आणि तरीही पाण्यानेच पहिला रस्ता उघडला. २०२० च्या गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांसाठी नियमांचं जंगल होतं. दहा दिवस विलगीकरण, १२ ऑगस्टच्या आत पोचा, नंतर यायचं तर तपासणी. एस.टी.ने जाणाऱ्याला ई-पासची सूट होती, त्यामुळे रामवाडीवरून लाल गाड्या पुन्हा धावताना दिसू लागल्या. त्याच ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तोंडावर, रो-रोही पुन्हा सुरू झाली. एरवी ऑगस्टात मांडव्याला बोट ही कल्पनाच नव्हती. जुन्या कॅटमरान पावसाळ्यात चालत नाहीत, ही मोठी बोट चालते. शिवाय आपल्याच गाडीत बसून समुद्र ओलांडता येतो, शेजाऱ्याचा खोकला ऐकायची गरज नाही. साथीने जिचं उद्घाटन हिरावून घेतलं, त्याच साथीने तिला गिऱ्हाईक मिळवून दिलं. २ सप्टेंबरला ई-पास गेला. घरून काम करण्याची मुभा मिळालेले मुंबईकर अलिबागच्या बाजूला महिनामहिना राहायला आले आणि मांडव्याचा धक्का शनिवार-रविवारचा न राहता आठवडाभराचा झाला. जलक्रीडा आणि नौकाविहाराला राज्याने परवानगी दिली ती डिसेंबरात. नाताळचा आठवडा तेवढा हाती लागला.

यंदा उन्हाळा भरून काढू, असं २०२१ च्या फेब्रुवारीत सगळीकडे बोललं जात होतं. होड्यांना रंग लागले, राफ्टांना नवी जॅकेटं आली, काहींनी त्यासाठी कर्जं काढली. मग १३ एप्रिल उजाडला. तोही पाडवाच. त्या संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी निर्बंध जाहीर केले आणि दुसऱ्या रात्री आठपासून ते लागू झाले. पहिल्या वर्षी निदान सगळं जगच बंद होतं. दुसऱ्या वर्षी पैसे आधीच घालून झाले होते. निर्बंध १ मेपर्यंत, मग १५ मेपर्यंत, मग १ जूनपर्यंत वाढत गेले. जूनमध्ये सैल झाले तोवर बंदरावर पावसाळ्याचा बावटा चढला होता. दोन लाटांमधले मोकळे महिने आणि समुद्राचे चालू महिने एकमेकांना जेमतेम शिवून गेले. साथीची आकडेवारी ठेवणाऱ्यांना हा योगायोग दिसला नसेल, घारापुरीच्या शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर या तिन्ही वस्त्यांना तो रोज दिसत होता. पर्यटकांची लाँच हीच त्या बेटाची बाजारपेठ. २०१८ मध्ये समुद्राखालून केबल टाकून तिथे वीज आली, तेव्हा बेटावर थंड पेयांचे फ्रीज आले. दोन वर्षांनी ते फ्रीज रिकामेच गुणगुणत राहिले.

या सगळ्यात धंदा सोडून गेलेलेही आहेत. कोणी रिक्षा घेतली, कोणी रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला लागला, कोणी पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला बसला. पण तिथेही सार्वजनिक मूर्तीला चार फूट आणि घरगुतीला दोन फुटांची मर्यादा आली होती, म्हणजे रंगही कमी. काहीजण मासेमारीकडे वळले, कारण होडी तीच, पाणी तेच, फक्त प्रवाशाऐवजी जाळं.

जानेवारी २०२२ मध्ये तिसरी लाट आली आणि गड-किल्ले पुन्हा काही दिवस बंद झाले. ती लवकर ओसरली. मार्चच्या शेवटच्या दिवशी सरकारने साथीचे सगळे निर्बंध उठवत असल्याचं जाहीर केलं. २ एप्रिलला पाडवा होता, आणि वारही शनिवार. रामवाडीवर टपाला ट्यूब बांधलेल्या गाड्या पुन्हा दिसू लागल्या, वडखळला पुन्हा कोंडी झाली. राजपुरीत होड्यांचे सांधे भरून झाले होते. २६ मेला समुद्र बंद व्हायला चोपन्न दिवस होते.